आमदारसाहेबांचे पत्र आले का?

दिवाळी झाली, हलका धान घरात आला, की आपल्या गोंदिया जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी मंडई, उद्या त्या गावी. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांची वर्दळ होते, दंडार रंगते, रात्री नाटक असते. नाटकाच्या उद्घाटनाला आमदारसाहेब येतात. नारळ फुटतो, हारतुरे होतात आणि मग भाषण. अमक्या वस्तीला समाजमंदिर दिले, तमक्या पांदणीचे खडीकरण मंजूर केले, पुढच्या वर्षी नालीचे काम घेतो. टाळ्या पडतात, पडदा वर जातो.

वाचकहो, या भाषणात एक गोष्ट सहसा नसते. गेल्या अधिवेशनात कोणते कायदे झाले, त्यांतला कोणता आपल्या बांधीपर्यंत येणार, आणि त्या वेळी साहेबांनी बाजूने मत दिले, विरोधात दिले की ते सभागृहाबाहेर चहा घेत होते, हे कोणी सांगत नाही. खरे सांगायचे तर आपणही विचारत नाही. तेव्हा सगळा दोष साहेबांच्या पदरात टाकून चालायचे नाही.

रस्ता, नाली, समाजमंदिर यांच्यासाठी ग्रामपंचायत आहे, पंचायत समिती आहे, जिल्हा परिषद आहे. राज्याचा कायदा करायला मात्र विधिमंडळाशिवाय दुसरी जागा नाही. विधानसभेत २८८ जण बसतात, विधान परिषदेत ७८. त्या २८८ मध्ये आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला चार जागा आहेत: गोंदिया, तिरोडा, अर्जुनी-मोरगाव आणि आमगाव. ही चार माणसे तेथे जाऊन जे करतात, त्याचा हिशेब आठवड्याच्या आठवड्याला घरपोच यावा, अशी मागणी आपण का करू नये? दुधाचा हिशेब आपण दर आठवड्याला मागतो. कायद्याचा मागितला तर त्यात वावगे काय?

तुम्ही म्हणाल, आम्हा धान पिकवणाऱ्यांना कायद्याशी काय करायचे आहे? तर आधी बोनसची गोष्ट पाहू. ती ताजी आहे आणि सगळ्यांच्या परिचयाची आहे.

पूर्वी आपल्याला धानाचा बोनस क्विंटलमागे मिळे. ७०० रुपये क्विंटल, ५० क्विंटलपर्यंत, हा हिशेब पुष्कळांच्या लक्षात असेल. पुढे डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात हेक्टरी १५,००० रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी घोषणा झाली. डिसेंबर २०२३ मध्ये तोच आकडा हेक्टरी २०,००० झाला, मर्यादा तीच. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर व्यापाऱ्याचा धान खपवून बोनस लाटला जातो अशा तक्रारी होत्या, म्हणून हिशेब पोत्यावरून जमिनीवर आला. बदल लहान दिसतो, पण घरात त्याचा अर्थ मोठा आहे. क्विंटलवर बोनस असताना जो धान विकतो त्यालाच पैसा. जमिनीवर बोनस आला, तेव्हा ज्याचा एक एकर आहे, जो पिकवतो आणि घरीच खातो, त्यालाही आठ हजार रुपये मिळण्याची वाट मोकळी झाली. अट एवढीच, की मार्केटिंग फेडरेशन किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर त्या हंगामाची नोंदणी झालेली हवी. धान विकलाच पाहिजे असे नव्हते.

आता असा एखादा शेतकरी तुमच्याही गावात असेल. तो म्हणाला, "आपला धान खायलाच पुरत नाही, विकायचा काय? मग नोंदणीच्या रांगेत उभे राहून एक दिवस कशाला मोडा?" नोंदणीची मुदत गेली. पुढे अधिवेशनात बोनस जाहीर झाला, शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले, आणि हा भाऊ पासबुक घेऊन बँकेत तीनदा जाऊन आला. "जाहीर तर सगळ्यांसाठी झाला होता," असे तो आजही म्हणतो. अट कागदावर होती. ती त्याच्या घरात कोणी नेऊन सांगितली नाही.

येथेच एक गाठ सोडवून घेऊ. सभागृहात मंत्री उठून काही जाहीर करतात ती घोषणा. घोषणेने खात्यात एक पैसा पडत नाही. त्या पैशाची तरतूद व्हावी लागते. ती बहुधा पुरवणी मागण्यांत येते आणि सभागृह तिला मंजुरी देते. मग संबंधित खाते शासन निर्णय काढते. कोणाला मिळणार, किती मिळणार, कोणता कागद लागणार, हे सगळे त्या शासन निर्णयात असते. बोनस हा कायदा नव्हे, तो सरकारचा निर्णय. एका वर्षी असतो, दुसऱ्या वर्षी नसतो, रकमा बदलतात, अटी बदलतात. म्हणून "गेल्या वर्षी मिळाला, यंदाही मिळेल" या भरवशावर कोणी पेरणीचे कर्ज काढू नये.

कायद्याची वाट याहून लांबची आहे. आधी विधेयक मांडले जाते. त्यावर चर्चा होते, कधी तास-दोन तास, कधी गोंधळात पाच मिनिटे. एका सभागृहाने मंजूर केले की ते दुसऱ्याकडे जाते. दोन्हीकडून पार पडले की राज्यपालांची संमती, काही बाबतींत राष्ट्रपतींची. मग राजपत्रात छापून येते आणि तो अधिनियम होतो. तरीही कधी कधी तो लगेच लागू होत नाही, त्यासाठी वेगळी तारीख ठरते. त्यानंतर नियम तयार होतात, आणि पुष्कळदा खरी मेख नियमांतच असते. जमिनीचे तुकडे पाडू नयेत म्हणून १९४७ साली झालेला तुकडेबंदी कायदा घ्या. विहिरीपुरती दोन-चार गुंठे जागा शेजाऱ्याकडून विकत घ्यायची म्हटली तरी तो आडवा येई. २०२४ साली नियमांत दुरुस्ती झाली आणि विहीर, शेतरस्ता अशा कामांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने वाट निघाली. मूळ कायदा जागेवरच आहे, बदल नियमात झाला. किती जणांना कळला?

अधिवेशन नसताना तातडीने काढतात तो अध्यादेश. तो दिसायला कायद्यासारखाच, लागूही कायद्यासारखाच. पण पुढचे अधिवेशन भरल्यावर सहा आठवड्यांच्या आत त्याचा कायदा झाला नाही, तर तो गळून पडतो. वर्तमानपत्रात मथळा एकच असतो: "सरकारचा मोठा निर्णय". घोषणा की अध्यादेश, विधेयक की अधिनियम, हे त्या मथळ्यावरून ओळखता येत नाही.

या लांब वाटेचा सर्वांत बोलका नमुना आपल्या महाराष्ट्राचा आहे. रोजगार हमी. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातून ही कल्पना निघाली, १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात तिचा प्रयोग झाला, आणि १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोचली. पुढे तिचा कायदा झाला. त्याच्या नावात साल आहे १९७७. अधिनियम म्हणून क्रमांक पडला तो १९७८ चा विसावा. आणि प्रत्यक्ष लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला! मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, असा हक्क त्यात होता. केंद्राने २००५ साली देशासाठी असा कायदा केला तेव्हा हाच नमुना डोळ्यांपुढे होता.

समजा, त्या काळी आमदाराचे साप्ताहिक पत्र गावात येत असते. १९७७ साली पत्र आले असते: "बंधूभगिनींनो, आज सभागृहाने काम मागण्याचा हक्क मंजूर केला आहे, पण अजून तो लागू नाही, घाई करू नका." पुढच्या साली दुसरे: "संमती मिळाली, राजपत्रात छापून आले, तारखेची वाट पाहा." आणि १९७९ च्या जानेवारीत तिसरे: "सव्वीस तारखेपासून तुम्ही लेखी काम मागू शकता. अर्ज कोठे द्यायचा ते असे. पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका." तीन पत्रे, दहा-बारा ओळींची. बांधावर मजुरीला जाणाऱ्या बाईला याहून अधिक काय हवे होते?

आता घरातली गोष्ट. ही मायबहिणींनी विशेष लक्ष देऊन वाचावी, आणि पुरुषांनी पान उलटू नये.

महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात आपल्या राज्यापुरती दुरुस्ती केली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलाला जन्मतः जसा हिस्सा, तसाच मुलीलाही. देशाच्या संसदेने हे २००५ साली केले, आपण अकरा वर्षे आधी केले. अभिमान वाटावा असेच काम होते. पण या कायद्याला एक तारीख होती, २२ जून १९९४. त्या तारखेच्या आधी जिचे लग्न झाले होते, तिला या दुरुस्तीचा लाभ नव्हता. जिचे त्यानंतर झाले तिला होता.

तारीख पुन्हा वाचा. आपल्याकडे लग्नसराई कधी असते? वैशाख-ज्येष्ठात, रोवणीआधी. म्हणजे एकाच मांडवातल्या दोन बहिणी धरा. थोरलीचे लग्न त्या वर्षी मे महिन्यात उरकले, धाकटीचे पुढच्या वर्षी झाले. बाप एक, जमीन एक, सातबारा एक. धाकटी हिस्सेदार झाली आणि थोरली बाहेर राहिली, केवळ अक्षता कधी पडल्या त्यावरून. हा भेद २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने निघाला. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी विवाहित असो वा अविवाहित, हक्क सारखा झाला. तरी बाप त्या दिवशी हयात असला पाहिजे की नाही, यावर कोर्टात वाद चालूच राहिले. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की हक्क जन्माने आहे, बाप त्या तारखेला जिवंत असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र या दुरुस्तीने मोडल्या जात नाहीत.

एवढ्या वर्षांत किती बहिणींनी भावाच्या प्रेमाखातर तलाठ्यासमोर हक्कसोडपत्रावर अंगठा केला असेल! प्रेमाने सोडला तर तो तिचा अधिकार. पण काय सोडतो आहोत हे ठाऊक नसताना सोडला, तर त्याला प्रेम म्हणायचे की अज्ञान? असे कायदे झाले त्या आठवड्यात कोणी चार ओळी लिहून घरोघर पाठवल्या असत्या, तर माजघरातही त्यांची चर्चा झाली असती. भांडणेही झाली असती, हे मी नाकारत नाही. काही आमदारांना असे पत्र लिहायला संकोच वाटला असता, कारण मते भावांचीही असतात. तरीसुद्धा.

आणि आता सर्वांत जुनी गोष्ट, जी आपल्या जिल्ह्याच्या पाण्यात मुरलेली आहे.

१९५० साली आपण महाराष्ट्रात नव्हतो. गोंदिया ही भंडारा जिल्ह्याची तहसील आणि भंडारा जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात, ज्याची राजधानी नागपूर. मुंबई राज्यात आपण आलो १ नोव्हेंबर १९५६ ला, महाराष्ट्र झाला १ मे १९६० ला आणि आपला स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ ला. तर त्या मध्य प्रदेशाच्या विधिमंडळाने नागपुरात बसून मालगुजारी नष्ट करणारा कायदा केला. साल १९५०, लागू ३१ मार्च १९५१ पासून. गावाचा मालक असलेला मालगुजार गेला, कसणारा थेट सरकारचा खातेदार झाला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मानेवरचे जू या कायद्याने उतरवले, याविषयी दुमत होऊ नये.

पण मालगुजाराकडून सरकारकडे काय काय गेले, त्याची यादी त्या कायद्यात आहे. पडीक जमीन, गवताचे रान, जंगल, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, बोड्या, पाण्याचे पाट, नावघाट, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार, इतकेच काय, जत्रासुद्धा! घरदार, खासगी विहिरी, अशा काही गोष्टी मालकाकडे राहिल्या, बाकीचे सारे सरकारजमा.

आता पूर्व विदर्भातले तलाव किती? साडेसहा हजारांहून अधिक. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या लोकांनी हे तलाव बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. या तलावांवरच आपला धान उभा राहिला. त्यांचे पाणी कोणत्या बांधीला आधी जायचे, पाळीवर माती कोणी टाकायची, गाळ कोणी काढायचा, हे गावच्या वहिवाटीने ठरलेले असे. वहिवाटीची नोंद 'वाजिब-उल-अर्ज' नावाच्या कागदात होई, आणि लाकूड, गवत, पाणी यांच्या गावहक्काला आपण निस्तार म्हणत आलो.

कायदा आला आणि तलावाची मालकी सरकारकडे गेली. मालकी एका सहीने जाते, पाळीवर माती टाकायची सवय सहीने जात-येत नसते. मालगुजार चांगला असो वा वाईट, पाळ फुटली तर त्याचाच धान आधी बुडे, म्हणून तो पावसाळ्याआधी माणसे लावून ती नीट करून घेई. सरकारचा धान कोठे बुडतो? "तलाव आता सरकारचा, दुरुस्ती सरकार करील" असे गावाने म्हटले. सरकारकडे इतक्या तलावांना पुरेल एवढा पैसा आणि माणूसबळ नव्हते. पुढे शंभर हेक्टरपर्यंत ओलीत करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे आले, बाकीचे पाटबंधारे खात्याकडे. दरम्यान गाळ साचत राहिला, तलावाच्या पोटात कोठे कोठे शेती शिरली. ज्या पाण्याला वहिवाटीने पैसा पडत नसे, त्याच्या पाणीपट्टीवरून तंटे उभे राहिले. ज्या गावाची वहिवाट कागदावर नीट चढलेली होती, त्याला दाखवायला निदान कागद होता. ज्यांची नव्हती, ते "आमच्या आज्यापासून असेच आहे" एवढेच म्हणू शकले.

मालगुजारांचे काय झाले? त्यांना कोणाच्या पत्राची गरज नव्हती, त्यांच्याकडे वकील होते. अहेरीचे जमीनदार आणि दुसरे कित्येक जण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५२ साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. म्हणजे बघा, ज्यांचे जाणार होते त्यांना कायद्याचे कलम न् कलम पाठ होते, आणि ज्यांचे येणार होते त्यांच्या गावी वर्तमानपत्रही पोचत नव्हते. त्या मार्च महिन्यात एखाद्या आमदाराने आपल्या गावांना लिहिले असते, "तलाव सरकारकडे जात आहेत, ३१ मार्चपूर्वी तुमच्या पाण्याची वहिवाट लिहून घ्या, आणि पाळीची माती टाकायचे थांबवू नका," तर प्रत्येक तलाव वाचला असता असा माझा दावा नाही. काही नक्की वाचले असते.

कोणी म्हणेल, लेखक स्वप्ने रंगवतो, असे पत्र कोणता आमदार लिहितो? लिहितात. अमेरिकेत प्रत्येक राज्याला आपले विधिमंडळ आहे, आणि अनेक राज्यांत अधिवेशन चालू असताना आमदार दर आठवड्याला मतदारांना पत्र लिहितो. या आठवड्यात ही विधेयके आली, मी हे मत दिले, पुढच्या आठवड्यात हे येणार आहे, तुमचे म्हणणे कळवा. व्हर्माँट नावाच्या लहानशा डोंगराळ राज्यात मार्च महिन्यात गावसभा भरतात, त्या आठवड्यात विधिमंडळ सुट्टी घेते आणि आमदार आपापल्या गावच्या सभेत जाऊन जाब देतात. आपल्या ग्रामसभेसारखीच ती सभा, थंडी मात्र भयंकर!

आणि इतक्या दूर कशाला? मुंबईत बोरिवलीतून १९७८ साली आमदार झालेले राम नाईक आपल्या कामाचा वार्षिक अहवाल छापून मतदारांपुढे ठेवत. पुढे ते खासदार झाले, केंद्रात मंत्री झाले, उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले, पण अहवालाची सवय त्यांनी सोडली नाही. राज्यपाल असतानाही वर्षाचा अहवाल काढला. पक्ष कोणताही असो, ही रीत उचलण्यासारखी आहे. आज पुष्कळ आमदार कार्य-अहवाल काढतात, चकचकीत कागदावर, पानोपानी फोटो. भूमिपूजनाचे फोटो असतात, उद्घाटनाचे असतात. विधेयकाचा फोटो काढता येत नाही, म्हणून बहुधा त्याला पान मिळत नाही.

तर मग पत्रात असावे तरी काय? फार नको. या आठवड्यात आपल्या शेतीघराशी संबंध असलेले कोणते विधेयक आले आणि ते आता कोठवर पोचले. कोणती घोषणा झाली आणि तिचा शासन निर्णय निघाला की नाही. साहेबांनी कोणता तारांकित प्रश्न विचारला, कोणती लक्षवेधी मांडली, मंत्र्यांनी उत्तर काय दिले, मंत्र्यांच्याच शब्दांत. मत कोणत्या बाजूला दिले. आणि शेवटी, गावकऱ्यांनी काय करायचे आहे: नोंदणी, अर्ज, हरकत, आणि त्याची शेवटची तारीख. ही शेवटची ओळ सोन्याची. बाकी सारे गाळले तरी ती गाळू नये.

पत्र कागदावर येवो की मोबाईलवर, त्याने काही बिघडत नाही. एक मात्र गावाने करायला हवे. ते मोठ्याने वाचले जावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा चार ग्रामसभा तर ठरलेल्याच आहेत. त्याशिवाय बचत गटाची बैठक असते, धान खरेदी केंद्रावरची रांग असते. दहावीतली एखादी मुलगी खणखणीत आवाजात वाचून दाखवील आणि म्हातारी माणसे मधेच थांबवून विचारतील, "थांब पोरी, ते पुन्हा वाच." कायदा कळतो तो अशा वेळी.

झालेला कायदा कळला नाही तर तो भिंतीवरच राहतो, याचा दाखला तहसील कार्यालयात टांगलेला आहे. २०१५ साली महाराष्ट्राने लोकसेवा हक्काचा कायदा केला. ठरवून दिलेला दाखला ठरलेल्या दिवसांत मिळालाच पाहिजे. न मिळाला तर अपील करता येते, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कोणती सेवा किती दिवसांत, याचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. आपण त्याच फलकाला पाठ टेकून उभे राहतो आणि "साहेब कधी येतील हो?" असे शिपायाला विचारतो.

आता प्रश्न उरतो, सुरुवात कोणी करायची. माझे मत विचाराल तर आपण. डिसेंबर महिना धरा. १९५३ च्या नागपूर कराराने दरवर्षी निदान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचे ठरले. १९६० पासून ते बहुतेक वर्षी होत आले, २०२० आणि २०२१ साली मात्र हिवाळी अधिवेशन मुंबईत झाले. हल्ली ते आटत चालले आहे. २०२३ साली ७ ते २० डिसेंबर, २०२४ साली १६ ते २१ डिसेंबर. सहा दिवसांत विदर्भाच्या ६२ मतदारसंघांचे काय ऐकले जाणार, हा विचार मनात येतोच. तरी जेवढे दिवस असते तेवढे दिवस कायदा करणारे सभागृह आपल्यापासून रेल्वेने १३० किलोमीटरवर असते. गोंदियाहून सकाळी निघालो तर संध्याकाळी परत.

आमदाराच्या शिफारशीने प्रेक्षक गॅलरीची प्रवेशपत्रिका मिळते. आठ-पंधरा दिवस आधी मागून ठेवावी, ओळखपत्र जवळ असावे. आत मोबाईल नेता येत नाही, बोलता येत नाही, टाळी वाजवता येत नाही. सकाळी प्रश्नोत्तरांचा तास असतो, तो चुकवू नका, सभागृहाचा खरा जीव त्यातच आहे. दुपारी बाके रिकामी दिसली तर दचकू नका. पण कोणाची रिकामी आहेत ते पाहून या. बचत गटाच्या बहिणींनी एकदा मिळून जावे. मध्यप्रांत-वऱ्हाडाचे विधिमंडळ ज्या इमारतीत बसे तीच ही इमारत.

आणि ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी आपल्या आमदाराला एक पोस्टकार्ड टाकावे. मजकूर लांबण लावणारा नको. मी माझ्या कार्डावर लिहिला तो असा:

"आमदारसाहेबांस सप्रेम नमस्कार. मंडईत आपले भाषण ऐकले. समाजमंदिराबद्दल आभारी आहे. गेल्या अधिवेशनात शेतकऱ्याच्या जमिनीबद्दल, पाण्याबद्दल आणि धानाबद्दल कोणते कायदे झाले, आपण कोणत्या बाजूने मत दिले आणि आम्ही कोणत्या तारखेपर्यंत काय करायचे आहे, हे कृपया कळवावे. गावच्या तलावाची पाळ यंदाही खचली आहे, तिचा प्रश्न विचारलात तर उत्तराची प्रत पाठवावी. कार्ड ग्रामसभेत वाचून दाखवले जाईल. कळावे."

कार्ड टाकून तीन आठवडे झाले आहेत. पोस्टमन भाऊ रोज दारावरून जातात, आणि मी रोज विचारतो.